सोसायटीचा खजिनदार झालात? हिशोब आणि हात दोन्ही स्वच्छ ठेवायची माझी पद्धत

आमची सोसायटी डोंबिवलीत, तळमजला अधिक तीन, २४ फ्लॅट, लिफ्ट नाही. एजीएममध्ये, म्हणजे सगळ्या सभासदांच्या वार्षिक सभेत, "खजिनदार कोण होतंय?" असं विचारलं की सगळेजण एकदम मोबाईलमध्ये बघायला लागतात, आणि त्या दिवशी मी नेमकी समोसे वाटत होते त्यामुळे माझ्या हातात मोबाईल नव्हता. झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. चार वर्षं केलं ते काम, पगार शून्य, शिव्या भरपूर, आणि आता सोडल्यावर दोन-तीन ओळखीच्यांनी विचारलं की आमच्या गळ्यात पण ही माळ पडलीये, काय काय सांभाळायचं सांग ना. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधीच सांगते, यात टॅली कसं चालवायचं वगैरे नाहीये, ते अकाउंटंट करतो. हे आहे ३४० रुपयांच्या बल्बबद्दल. २४ फ्लॅटच्या सोसायटीत कोणी कोट्यवधी खात नाही हो, तेवढे असतातच कुठे. इथे जे काही घसरतं ते अडीचशे, तीनशे, "जाऊ दे ना", "नंतर बघू" असंच घसरतं, आणि बहुतेक वेळा चांगल्या माणसाकडूनच. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात ना, मी पहिलं वर्ष याच म्हणीवर काढलं आणि तोंडावर आपटले.

पैसे हातात घ्यायचे कसे

१०४ मधल्या आजी मेंटेनन्स रोख देतात. जीपे त्यांना नको, चेकबुक मुलाकडे पुण्याला. एका संध्याकाळी मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढतेय, त्या वरून उतरतायत, तिथेच त्यांनी २,४०० रुपये रुमालातून काढून दिले आणि मी म्हटलं पावती नंतर देते हं आजी. पैसे माझ्या पर्समध्ये, माझ्याच पैशांत. दोन दिवसांनी गॅस आला, सिलिंडरवाल्याला त्याच पर्समधून दिले, मग दूधवाला, मग पोराची सहल. चोरी केली का? नाही ना. पण पुढच्या बिलावर आजींच्या नावावर २,४०० थकबाकी आणि वर व्याज छापून आलं, आणि आजी ते बिल हातात धरून थेट कमिटी मीटिंगला आल्या. आवाज चढवला नाही काही नाही, फक्त म्हणाल्या, "मी दिले होते ना गं तुला, जिन्यात?" सगळे माझ्याकडे बघतायत आणि मला, खरं सांगते, तीन-चार सेकंद आठवेचना. आजींनी आरोप केला असता तर मी भांडले तरी असते.

त्याच रात्री २,४०० माझ्या खात्यातून सोसायटीच्या खात्यात टाकले, आजींना पावती नेऊन दिली, व्याजाची नोंद उलटवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या फेरीवाल्याकडून एक निळी पाऊच घेतली. सोसायटीची रोकड त्यातच. मग जी पद्धत बसवली ती अशी:

पावती पुस्तक जवळ नसेल तर पैसे घ्यायचेच नाहीत. समोरचा कितीही म्हणाला "अहो ठेवा हो, विश्वास आहे तुमच्यावर", तरी नाही, वर येऊन पावती घेऊन जा म्हणायचं. विश्वास आहे हे वाक्य ऐकलं की उलट पावती आधी फाडायची.

स्वतःच्या जीपेवर मेंटेनन्स घेऊ नका. कधीच नाही, एकदा पण नाही. सोसायटीच्या खात्याचा क्यूआर बँकेकडून मिळतो, तो प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावा. तुमच्या खात्यात आलेले पैसे तुम्ही त्याच दिवशी पुढे पाठवलेत तरी तुमच्या स्टेटमेंटवर लोकांचे पैसे दिसत राहतात, आणि एकदा सरमिसळ झाली की कुठला रुपया कुणाचा हे तुम्हालाही सांगता येत नाही.

रोकड दर शनिवारी बँकेत. घरात साठवायची नाही. रोकड किती जवळ ठेवायची याची मर्यादा तुमच्या उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, दिलेली असते, ती एकदा काढून बघा, बऱ्याच कमिट्यांनी उपविधीचं पुस्तक उघडलेलंच नसतं.

खर्चाला व्हाउचर. प्लंबर बिल देत नाही, झाडू विकणारा तर नाहीच नाही, मग आपणच व्हाउचर लिहायचं, काय काम, कुठल्या मजल्यावर, किती, आणि त्याची सही. ५,००० च्या वर रोख दिले तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, दहा-बारा आणून पाऊचमध्येच ठेवा. आणि स्वतः खर्च केला असेल तर स्वतःच्या व्हाउचरवर स्वतः "मंजूर" लिहू नका. मी जिन्यातला बल्ब आणला ३४० चा, तरी सेक्रेटरींची सही घेतल्याशिवाय पैसे काढले नाहीत. सेक्रेटरी वैतागायचे, म्हणायचे ताई ३४० साठी? हो, ३४० साठीच, कारण ३४,००० ला सही मागायची वेळ आली की तेव्हा मागायला तोंड राहतं.

कोटेशन तीन, पण माणसं पण तीन हवीत

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन कोटेशन आली. छान. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तर तिन्हीमध्ये "टेरेस" चं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं, आणि ओळींची मांडणी पण तीच. म्हणजे एकाच कॉन्ट्रॅक्टरने तीन लेटरहेडवर आणलेली. कमिटीतल्या कोणी पैसे खाल्ले होते का? माझ्या मते नाही. ज्याला सांगितलं होतं कोटेशन आण, त्याने कंटाळा केला आणि कॉन्ट्रॅक्टरलाच म्हणाला बाकीची दोन तूच बघ. कंटाळाच होता तो, पण ऑडिटरला आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना ते कसं दिसणार हे सांगायला नको.

तर प्रत्येक कोटेशनवरच्या नंबरला स्वतः फोन करा, जागा बघायला प्रत्यक्ष कोण आलं होतं ते लिहून ठेवा, पाकिटं सगळ्यांसमोर एकाच दिवशी फोडा. सगळ्यात स्वस्त घेतलं नाही तर का नाही घेतलं हे इतिवृत्तात दोन ओळीत लिहा. दोन ओळी पुरतात, पण त्या त्याच दिवशी लिहा. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेलं इतिवृत्त वाचताना कळतं की नंतर लिहिलंय.

मिठाईचा बॉक्स

रंगकाम झालं, पैसे चुकते झाले, आणि दिवाळीत कॉन्ट्रॅक्टर घरी काजूकतलीचा बॉक्स देऊन गेला. मी घरात नव्हते. संध्याकाळी आले तोवर मुलाने दोन तुकडे खाल्लेले, आणि खालचा कागद उचलला तर पाकीट. मोजलं नाही मी. मोजलं असतं तर मनात काहीतरी हिशोब सुरू झाला असता, एवढं मला माझ्याबद्दल माहितीये.

गंमत बघा, त्याचं बिल आधीच निघालेलं होतं, काम मी दिलं पण नव्हतं, जनरल बॉडीने, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेने दिलं होतं. मग पाकीट कशाचं? ते पुढच्या कामाचं. गेल्या वेळी मॅडमनी घेतलं होतं, एवढंच त्याला हवं असतं, मग पुढच्या वेळी प्लास्टर पातळ असलं तरी मॅडम जरा कमी बोलतील.

काय करायचं तर, उशीर करायचा नाही. मी रात्रीच अध्यक्षांना फोन केला, सकाळी त्यांना आणि सेक्रेटरींना बरोबर घेऊन कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं आणि पाकीट बंद होतं तसं परत दिलं. तो म्हणाला, "मॅडम, मिठाई समजा." मी म्हटलं मिठाई समजलेच की, दोन तुकडे संपले पण. हसला तो. अपमान करायची काही गरज नसते, त्याच्या धंद्यात बाकी सगळीकडे हे चालतं म्हणून तो करतो. उरलेला बॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये गेला. आणि पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात नोंद केली. ही नोंद लोकं टाळतात, कशाला उगाच वाच्यता म्हणून, पण नोंद नसेल तर उद्या तोच माणूस बाहेर सांगू शकतो की मी दिले होते, आणि तुमच्याकडे दाखवायला काही नाही.

आपलाच माणूस असला तर

सीसीटीव्ही बसवायचे ठरले तेव्हा माझा मामेभाऊ तेच काम करतो. त्याचं कोटेशन सगळ्यात कमी होतं, आणि काम पण चांगलं करतो, खोटं कशाला बोलू. मी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच सांगितलं की हा माझा भाऊ आहे, मी बाहेर बसते, ते लिहून घ्या. बाहेर जिन्यात बसले वीस मिनिटं. कमिटीने दुसऱ्याला दिलं, ४,००० जास्त देऊन. म्हणजे सोसायटीचं नुकसानच झालं की हो! मला अजून ते पटलेलं नाही, पण आत बसून मी ते पटवलं असतं तर चार वर्षं प्रत्येक बंद पडलेल्या कॅमेऱ्याला माझं नाव लागलं असतं. मामी एका लग्नात माझ्याशी बोलल्या नाहीत. असो.

इथे चूक होते ती अशी की लोक नातं लपवत नाहीत, फक्त सांगत नाहीत. कोणी विचारलंच नाही ना, म्हणतात. आपण होऊन सांगायचं, दर ठरायच्या आधी.

दया कुणाच्या पैशाने

हा भाग मला सगळ्यात जड गेला.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची कंपनी बंद पडली. चार महिने मेंटेनन्स थकला. रात्री साडेनऊला नवराबायको दोघं दारात, बसा म्हटलं तरी बसेनात, आणि म्हणाले ताई, भरतोय आम्ही, फक्त व्याज तेवढं बघा ना. मी तिथेच उंबऱ्यात हो म्हटलं. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे शासनाच्या नमुना नियमावलीप्रमाणे, थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के सरळ व्याज लावता येतं, आमच्या जनरल बॉडीने १८ ठरवलं होतं, आणि मी त्यांचं दोन महिन्यांचं व्याज सॉफ्टवेअरमध्ये गुपचूप लावलंच नाही. एकूण २५२ रुपये. मला बरं वाटलं त्या रात्री, खोटं नाही सांगत.

मग मार्चच्या शेवटी हिशोब जुळवताना दुसरं एक नाव दिसलं. तिसऱ्या मजल्यावरची एकटी राहणारी बाई, पोळीभाजीचे डबे करते, तिचा पण वर्षभरात तीनदा उशीर झालेला आणि तिने तिन्ही वेळा व्याजासकट पैसे भरलेले, एक शब्द न बोलता. मी तिला विचारलं, अगं बोलली का नाहीस अडचण होती तर? ती म्हणाली, "मला माहीतच नव्हतं मागायचं असतं."

म्हणजे मी दया केली नव्हती, ज्याला माझं दार ठोठावता येतं त्याला सूट दिली होती, आणि ती पण माझ्या पैशातून नाही, २४ जणांच्या पैशातून, ज्यात त्या बाईचे पण होते. त्यांना मदत करायची होती तर माझ्या पर्समधून २५२ काढून भरायचे होते मी, ते माझ्या हातात होतं. व्याज सोडणं माझ्या हातात नव्हतंच.

मग दुरुस्त केलं. २५२ परत लावले, त्या गृहस्थांना स्वतः जाऊन सांगितलं, ते चिडले, बरोबरच आहे, मीच हो म्हटलं होतं. त्यानंतर एजीएममध्ये ठराव करून घेतला की अडचण असेल तर अर्ज द्यायचा, सहा हप्ते मिळतील, आणि व्याजमाफीचा निर्णय फक्त जनरल बॉडी घेईल. महत्त्वाचं म्हणजे हा ठराव नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लावला, मागायचं असतं हे सगळ्यांना कळावं म्हणून. पहिला अर्ज डबेवाल्या बाईचाच आला.

आणि उलटं पण तेवढंच. थकबाकीदाराचं पाणी तोडा असं प्रत्येक मीटिंगला कोणीतरी म्हणतंच, मोठमोठ्याने म्हणतं. घरात म्हातारी माणसं असतात, पोरं असतात. वसुलीचा रस्ता कायद्यात आहे, नोटीस द्या, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करा. वेळ लागतो पण तोच रस्ता आहे.

ज्याची गरज जास्त त्याच्याकडून जास्त?

फ्लॅट विकला जातो तेव्हा घेणाऱ्याला बँकेच्या कर्जासाठी सोसायटीची एनओसी (ना हरकत दाखला) हवी असते, तारीख जवळ आलेली असते, टोकन अडकलेलं असतं. नेमकं त्याच वेळी कमिटी म्हणते, बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या की. फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी जी रक्कम घेते तो ट्रान्सफर प्रीमियम, महापालिका हद्दीत तो २५,००० च्या वर घेता येत नाही, ट्रान्सफर फी ५०० आणि प्रवेश फी १००, बस. आणि वारसाच्या नावावर होत असेल तर प्रीमियम मुळीच नाही. आमच्याकडे एकजण म्हणाले, आपण खिशात थोडेच घालतोय, सोसायटीलाच जातायत ना. यावर मला लगेच उत्तर सुचलं नव्हतं. नंतर सुचलं ते असं, की मग विकणाऱ्या-घेणाऱ्याची नड नसताना मागून बघा, देतो का कोणी.

भाडेकरूंचं तसंच. भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवा शुल्काच्या १० टक्केच, २००१ पासून हाच नियम आहे, तरी लोक दुप्पट-तिप्पट मेंटेनन्स लावतात. आणि "बॅचलर नको", "त्या लोकांना नको" हे सगळं एनओसी अडवून केलं जातं. घर भाड्याने द्यायला आदर्श उपविधीत सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही, कळवायचं असतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. खजिनदाराचं यात काय काम म्हणाल, तर बिल तुमच्या सहीने जातं ना.

तारखा, आणि झाकलेली मूठ

३१ मार्चला वर्ष संपतं, ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरच्या आत एजीएम. ऑडिटर शासनाच्या पॅनेलवरचा आणि नेमणूक एजीएमने केलेली, आपला ओळखीचा सीए परस्पर नाही. ऑडिटरने दोष काढले तर रागवू नका, तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा, ओ नमुना म्हणतात त्याला. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा, वेगळा ठेवा, त्यातून रोजचे खर्च भागवायचा मोह होतो, पावसाळ्यात टाकीचा पंप जळला की पहिली नजर तिकडेच जाते.

काही कमिट्या हिशोब दाखवायला टाळाटाळ करतात, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणे. सोसायटीत उलटं आहे, मूठ झाकली की आत सव्वा लाख होते आणि आता नाहीत असंच लोक धरून चालतात. सभासदाला रेकॉर्ड बघायचा हक्क आहेच, पण मागायची वाट कशाला बघायची. मी दर महिन्याच्या पाच तारखेला एक पान लावायचे, जमा, खर्च, बँकेतली शिल्लक, पाऊचमधली शिल्लक. पहिले तीन महिने वरच्या मजल्यावरच्या काकांनी प्रत्येक आकड्याला पेन्सिलने गोल करून प्रश्न विचारले, टँकर चार कसे, मी तर तीनच बघितले. मला राग यायचा, पण एकदा खरंच तीनच आले होते, चौथ्याचं बिल टँकरवाल्याने चुकून लावलेलं. त्यानंतर मी टँकरच्या चलनावर वॉचमनची सही आणि वेळ घ्यायला लागले. असा एक काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये हवा, फक्त तो आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये नको.

सही करायच्या आधी वाचा हे सांगायला नको खरं तर, पण सांगते. चेकवर दोघांच्या सह्या असतात त्या एकमेकांवर नजर म्हणून, आणि लोक काय करतात, अध्यक्ष गावाला जाताना दहा कोऱ्या चेकवर सह्या करून जातात. मी एकदा असं पुस्तक परत केलं, चिडले होते ते. कमिटीच्या निर्णयाला सगळे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात, "मला माहीत नव्हतं, मी फक्त सही केली" हे तिथे चालत नाही.

रिडेव्हलपमेंटमध्ये यातलं सगळं शंभर पटीने येतं, तो वेगळाच विषय आहे. ज्यांची सुरू आहे त्यांनी ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय नीट वाचा, सभेचं व्हिडिओ शूटिंग वगैरे उगाच घातलेलं नाहीये त्यात.

चार्ज देताना

मुदत संपली की दोन दिवसांत चार्ज द्या, लोकं महिनोन्‌महिने पुस्तकं घरी ठेवतात. यादी करून, दोन प्रतींत, दोघांच्या सह्या. मी दिलं ते असं, कॅश बुक, पावती पुस्तकं वापरलेली आणि कोरी (कोऱ्या पावत्यांचे नंबर लिहून), व्हाउचर फाईली चार वर्षांच्या, एफडीच्या पावत्या, चेकबुक, ऑडिट रिपोर्ट, सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्याच्यासमोर बदलून, बँकेत सहीबदलाचा अर्ज, आणि रोख १,१४० रुपये, त्यात दहाची एक नोट फाटकी होती ती पण यादीत लिहिली. नवीन खजिनदार तिशीतला मुलगा आहे, आयटीत आहे, म्हणाला काकू हे सगळं ऑनलाईनच करून टाकू आपण. कर की, म्हटलं.

शेवटी ती निळी पाऊच त्याच्या हातात दिली. रेव्हेन्यू स्टॅम्प आतच होते. त्याने उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, ही कशाला? म्हटलं १०४ च्या आजींना विचार.